शिकून केलेली सेवा

पुण्याच्या सेवासदनाचा वार्षिक समारंभ चालू होता. बक्षिसांसाठी एकेक नाव पुकारले जात होते. परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी आपले बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. ती बालविधवा होती. केशवपन केलेले, अंगावर एकच लुगडे. वर गॅलरीत कॉलेजातली मुले बसली होती. त्यांनी तिची हुर्यो उडवली.

समारोपाला संस्थेच्या अध्यक्षा उठल्या. त्यांनी त्या मुलांना सगळ्यांदेखत विचारले, की कॉलेजात जात असलात तरी तुम्हाला शिकलेले म्हणायचे कशावरून? दुष्ट रूढीचा बळी ठरलेल्या बहिणीची टवाळी करवते कशी? अशी तरुण विधवा कोणाच्या घरात नाही? ती कोणाची बहीण असेल, कोणाची आत्या, कोणाची आईसुद्धा. एवढे मनात ठेवले असते तर हे वागणे झाले नसते. मुलांना ते बोल लागले.

अध्यक्षा होत्या रमाबाई रानडे. त्या स्वतः विधवा होत्या आणि त्या मुलीला त्या वर्गात बसवण्यासाठी त्यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली होती.

महाराष्ट्राला रमाबाई ठाऊक आहेत त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी म्हणून. २०१२ साली सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने त्या घराघरांत पोहोचल्या आणि लोकांच्या मनात ठसली ती पाटी-पेन्सिल घेऊन नवऱ्याकडून शिकणारी, घरच्यांचे टोमणे सोसणारी मुलगी. रमाबाईंचे १९१० साली आलेले पुस्तक ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हेही मुख्यतः न्यायमूर्तींबद्दलच आहे, आणि ते त्यांच्या मृत्यूपाशी थांबते. न्यायमूर्ती गेले १६ जानेवारी १९०१ रोजी. रमाबाई त्यानंतर १९२४ पर्यंत जगल्या. ज्या तेवीस वर्षांत त्यांनी बायकांची सेवासंस्था उभी केली, चालवली, वाढवली, त्या वर्षांबद्दल त्यांचे पुस्तक काही सांगत नाही.

मला त्या वर्षांबद्दल लिहायचे आहे. कारण आज इगतपुरीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात चार बायका जमवून काहीतरी चांगले काम करू पाहणाऱ्या बाईला जे प्रश्न पडतात, त्यातले बरेचसे रमाबाईंना आधी पडले होते आणि त्यांनी त्यांची उत्तरे शोधली होती.

नाशिकचे दिवस

रानड्यांचे नाशिक जिल्ह्याशी नाते जन्माचे. महादेव गोविंद रानडे जन्मले ते निफाडला, १८ जानेवारी १८४२ रोजी. रमाबाई सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या, कुर्लेकरांच्या घरातल्या. जन्म १८६२ चा. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती आणि नवरा मुंबई विद्यापीठातून पदव्या घेतलेला, बत्तिशीकडे झुकलेला विधुर होता. त्याने विधवेशी लग्न करावे अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्याचे चालले नाही. ती सल त्याने पत्नीच्या शिक्षणात उतरवली.

१८७८ साली रानड्यांची नाशिकला बदली झाली. तेव्हा घाटातली रेल्वे नवलाईची राहिली नव्हती. १८६५ पासून आगगाड्या कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला येत होत्या. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. गाडीला जादा इंजिन लावल्याशिवाय जमत नसे. या चढाने इगतपुरीला रेल्वेचे गाव केले. मुंबई किंवा कल्याणकडून रेल्वेने नाशिकला यायचे तर इगतपुरी हाच जिल्ह्याचा दरवाजा. आजही आहे.

नाशिकला आल्या तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. लोकहितवादी गोपाळराव देशमुखही त्या काळात नाशिकला न्यायखात्यात होते. दोन्ही घरांनी मिळून एक साधी युक्ती केली. बायकांना सभेला बोलावले तर कोणी येणार नाही आणि कोणी येऊही देणार नाही. हळदीकुंकवाला बोलावले तर सगळ्या येतील. म्हणून हळदीकुंकू ठेवले ते मुलींच्या शाळेत. बायका नटूनथटून आल्या, शाळेत बसल्या, मुली वाचतात-लिहितात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नाशिकच्या शाळेतल्या समारंभातच रमाबाई पहिल्यांदा चारचौघांपुढे बोलल्या. भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिले होते.

इगतपुरीतल्या कुठल्याही महिला मंडळाचा कार्यक्रम आजही बहुधा इथूनच सुरू होतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, वाण, उखाणे, एखादी स्पर्धा. शिकल्यासवरलेले लोक त्याला नाके मुरडतात. मला ते पटत नाही. घराबाहेर पडायची मोकळीक देणारा, सासूलाही मान्य असलेला असा दुसरा मेळावा कितीतरी घरांत अजून नाही. आणि त्यात कुंकू कोणाला लावायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न मंडळाने सोडवायलाच हवा. विधवेला दारातून परत पाठवणाऱ्या मंडळाने सेवेचे नाव घेऊ नये. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पुढे कुठे न्यायच्या, हे ज्या बाईला ठरवता येते तीच खरी अध्यक्षा.

एक वर्ष घरात, मग बाहेर

नाशिकनंतर पुण्यात रमाबाईंनी पुढचे टप्पे झपाट्याने ओलांडले. इंग्रजी शिकल्या. पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज निघाला, तेव्हा रमाबाई रानडेही त्याच्या कामात होत्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल हवे या मागणीचे इंग्रजी निवेदन त्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे वाचले आणि घरी थोरल्या बायकांकडून त्याबद्दल जे ऐकायचे ते ऐकून घेतले. ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ साली सुरू झाले. न्यायमूर्ती १८९३ साली मुंबई हायकोर्टात गेले. मुंबईत रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल क्लब चालवला. भाषा, शिवण, प्रथमोपचार असे वर्ग त्यात असत.

प्रथमोपचार हा विषय तेव्हाच त्यांच्या यादीत होता, याची नोंद घ्यावी.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होत्या. मुंबई सोडून त्या पुण्यात फुले मंडईजवळच्या जुन्या घरी आल्या आणि वर्षभर जवळपास कोणाला भेटल्या नाहीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे एवढ्यावर त्यांचे सार्वजनिक आयुष्य संपायला हवे होते.

तसे झाले नाही. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात त्या नियमाने जाऊ लागल्या. कैदी बायकांशी बोलत, त्यांचा स्वाभिमान जागा राहावा म्हणून धडपडत. बाल-गुन्हेगारांच्या सुधारगृहात सणावारी खाऊ घेऊन जात. दवाखान्यांत रुग्णांना फळे, फुले, पुस्तके पोहोचवत. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षपदी त्याच होत्या.

या साऱ्यात पायऱ्या आहेत. फळे-फुले घेऊन जाणे ही पहिली. ती कोणालाही करता येते आणि करावीच. पण रुग्णालयात वारंवार जाणाऱ्या डोळस बाईला काही दिवसांनी कळते, की रुग्णाला केळ्यांपेक्षा जास्त गरज आहे ती जखम नीट बांधणाऱ्या हातांची, आणि ते हात पुरेसे नाहीत. रमाबाईंचे मोठेपण असे की त्या पहिल्या पायरीवर रमल्या नाहीत.

सेवासदन

११ जुलै १९०८ रोजी मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्याची सुरुवात रमाबाईंच्या स्वतःच्या घरात झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. हिशेब, पत्रव्यवहार, सरकारदरबार ही कामे देवधरांनी पाहिली. घरोघरच्या बायकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा विश्वास मिळवायचे काम रमाबाईंचे होते, आणि ते अवघड होते.

हा विश्वास त्यांना मिळाला त्याचे एक कारण त्यांची राहणी. त्या धार्मिक वृत्तीच्या होत्या, जुन्या वळणाच्या बायकांना आपल्यातल्या वाटत. ज्या सासऱ्याने सुधारकाच्या दारात सुनेला पाठवले नसते, तो रमाबाईंच्या दारात पाठवी. काही सुधारकांना हे मवाळपणाचे वाटले असेल. मला त्यात नेतृत्वाची जाण दिसते. ज्यांना पुढे न्यायचे आहे त्यांच्या नजरेआड होईल इतके पुढे त्या गेल्या नाहीत. पण एकदा मुलगी संस्थेत आली की तिच्यासाठी त्या कोणाशीही भिडत. त्या समारंभातले भाषण हे त्याचेच उदाहरण.

सेवासदनात संसारी बायकांसाठी दुपारचे वर्ग असत, कारण त्यांना तेवढीच सवड. शिवण, लेखन-वाचन, प्रथमोपचार, पुढे शिक्षिकांचे प्रशिक्षण, बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह. पण खरी धाडसाची उडी होती ती परिचारिकांची. ससून रुग्णालयात सेवासदनाच्या मुली नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. पांढरपेशा घरांत तेव्हा हे काम हलके समजत. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, कोणत्या जातीच्या रुग्णाला हात लावावा लागेल याचा नेम नाही, रात्रपाळी करायची. विधवेने कोनाड्यात बसून जपमाळ ओढावी, पण हे नको, असे लोकांचे म्हणणे. रमाबाईंनी नेमक्या विधवांनाच पुढे केले. त्यांना शिक्षण मिळाले, त्यातून चरितार्थ चालला, आणि रुग्णाला जाणत्या हातांची शुश्रूषा मिळाली.

सेवासदनाचे मला वाटणारे सार इथे आहे. रमाबाईंनी सेवेला दयाबुद्धीच्या हवाली केले नाही. सेवा शिकावी लागते, तिची परीक्षा असते, आणि जिचे पोट त्यावर आहे तिला तिचा मोबदला मिळालाच पाहिजे, हे त्यांनी संस्थेच्या रचनेतच घातले. त्या वारल्या तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून जास्त बायका-मुली शिकत होत्या. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आळंदीची वाट

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाई आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात. जत्रेला आलेल्या बायकांची काळजी घेणे हे त्यांचे काम. बायकांनी बायकांसाठी जत्रेत स्वयंसेवा करायची, ही तेव्हा नवीच गोष्ट होती.

ती का लागते हे जत्रेत गेलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. ओले नेसण बदलायला आडोसा नसतो. लघवीला जागा नाही म्हणून बाई दिवसभर पाणी पीत नाही आणि दुपारी उन्हात चक्कर येऊन पडते. वाटेतच पाळी येते. म्हातारी सोबतीणींपासून चुकते आणि तिला गावाच्या नावापलीकडे काही सांगता येत नाही. यातले काहीही ती खाकीतल्या पुरुष शिपायाला सांगत नाही. समोर बाई असली तर सांगते.

सेवासदनाच्या वर्षांत त्या रस्त्यावरही उतरल्या होत्या. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा मदतीला त्या तिकडे गेल्या. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलग्यांपुरतेच ठेवावे असा सूर निघाला, तेव्हा मुलींनाही ते हवे म्हणून बायकांना घेऊन त्यांनी आवाज उठवला. बायकांच्या मताधिकारासाठी मुंबई इलाख्यात झालेल्या चळवळीतही त्या होत्या. सेवा करणाऱ्या बाईने हक्काचे बोलू नये, असे त्यांनी कधी मानले नाही.

घाटमाथ्यावर

आता इगतपुरी. धो धो पावसाचा हा तालुका. दारणा, भावली, मुकणे, वैतरणा ही धरणे याच भागातली. मुंबईकरांच्या नळाला इथले पाणी जाते. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि घाटाखालून सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या सुसाट जाऊ लागल्या. त्याच्या दोन वर्षे आधी, जुलै २०२३ मध्ये, याच तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावरच्या गर्भवतीला पाड्याला रस्ता नाही म्हणून भर पावसात पायी चालत मुख्य रस्ता गाठावा लागला. तिचा जीव वाचला नाही.

अशा पाड्यांवर आज जी बाई सगळ्यांत आधी पोहोचते ती आशा सेविका. शासन तिला स्वयंसेविका म्हणते आणि कामाच्या हिशेबाने मोबदला देते. योग्य मानधनासाठी तिला संप करावे लागले आहेत. गावातल्या सधन घरांतल्या महिला मंडळाने इथे रमाबाईंचे धोरण ध्यानात ठेवावे. आपण हौसेने, बिनमोल काम करतो म्हणून जिची चूल त्यावर पेटते तिनेही बिनमोल करावे, असे म्हणायचा अधिकार कोणाला नाही. मंडळाने आशाताईंच्या मागे उभे राहावे, त्यांच्या मागण्यांना आपल्या सह्या द्याव्यात आणि त्यांच्याकडूनच शिकावे.

शिकून सेवा करण्याचा नियम इगतपुरीला परका नाही. १९७६ पासून इथे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. तिथल्या शिबिरांत स्वयंपाकघरापासून व्यवस्थापनापर्यंत कामे करणारे धम्मसेवक आणि धम्मसेविका बिनमोल सेवा देतात. बायकांच्या बाजूची व्यवस्था बायकाच पाहतात. पण आलो आणि सेवेला लागलो, असे तिथे चालत नाही. आधी स्वतः दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केलेले असावे लागते. महिला मंडळाने हा नियम उचलावा.

तो उचलला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण देतो. रामनवमीच्या आधी मुंबई-ठाण्याकडून शिर्डीला निघालेल्या पालख्या कसारा घाट चढून इगतपुरीत येतात आणि घोटीवरून सिन्नरची वाट धरतात. चैत्राचे ऊन, तापलेला डांबरी रस्ता, आणि चालणाऱ्यांत बायका पुष्कळ. समजा एखादी बाई रस्त्याच्या कडेला बेशुद्ध पडली. दहाजण गोळा होतात. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा शोधतो, आणि एखादी मायेची बाई तिचे डोके मांडीवर घेऊन तोंडात पाणी ओतते. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि त्याने जीव जाऊ शकतो. शिकलेली स्वयंसेविका आधी गर्दी मागे सारते. बाईला सावलीत नेते, श्वास चालू आहे ना ते पाहते, तिला कुशीवर वळवते, कपडे सैल करते, अंगावर ओले फडके फिरवते, वारा घालते आणि दुसरीला १०८ वर फोन करायला सांगते. शुद्धीवर असलेल्या, थकलेल्या बाईला ती जलसंजीवनी देते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजपंचे मूठभर मीठ टाकत नाही. पायाला आलेला फोड ती फोडत नाही, स्वच्छ करून कोरडी पट्टी बांधते.

एवढे शिकायला डॉक्टर व्हावे लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेला, आशाताईला किंवा गावातल्या डॉक्टरांना विनंती केली तर काही दुपारी पुरतात. रमाबाईंच्या वर्गांनाही दुपारचीच वेळ होती.

सिंहस्थापूर्वी

२०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसात. मुंबईकडून येणारी गर्दी रेल्वेने येवो की रस्त्याने, ती इगतपुरीवरून जाणार. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला नाशिकला चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. बंदोबस्त, पूल, घाट, रस्ते ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती त्याच्याकडून करून घेतलीच पाहिजे. पण फलाटावर गोंधळलेल्या म्हातारीचा हात धरणे, लेकुरवाळीला आडोसा दाखवणे, चुकलेल्या पोराच्या मनगटावरचा फोन नंबर वाचून त्याच्या आईला शोधणे ही कामे टेंडर काढून होत नाहीत. त्याला शिकलेल्या, ओळखपत्र लावलेल्या, गावाची खडानखडा माहिती असलेल्या स्थानिक बायका हव्यात.

म्हणून इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे, त्र्यंबक या वाटेवरच्या प्रत्येक महिला मंडळाच्या अध्यक्षांना माझी विनंती आहे. येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या आवारात ठेवा. सगळ्यांना बोलावा, विधवांना आवर्जून. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्याऐवजी प्रथमोपचाराची पिशवी द्या आणि त्याच दिवशी पहिला वर्ग घ्या. ज्या येतील त्यांची यादी करा, फोन नंबर लिहा, कोणाला कोणती वेळ जमते ते विचारा. रेल्वे पोलीस, तहसीलदार आणि आरोग्य विभागाला मंडळाच्या नावाने पत्र द्या, पोच घ्या. रामनवमीच्या पालख्यांना पहिली पाळी लावा, म्हणजे चुका कळतील. पैशाचा हिशेब फलकावर लावा. आणि तुमच्यानंतर अध्यक्षा कोण होणार, तिला आत्तापासून बरोबर घ्या. रमाबाई गेल्यावरही सेवासदन बंद पडले नाही, पुण्यात आणि मुंबईत ते आजही चालू आहे.

सिंहस्थाला वेळ थोडा उरला आहे. वर्ग या हिवाळ्यातच सुरू व्हायला हवेत.